दोनशे माळभिंगऱ्यांत एक निराळी

डिसेंबरात इंदापूर-दौंडकडे पाटाच्या कडेने जाणारा कुठलाही रस्ता धरा. विजेच्या तारांवर भिंगऱ्या ओळीने बसलेल्या दिसतातच. खाली ज्वारी पोटरीत आलेली, पलीकडे ऊसतोड चालू, आणि वर शंभर-दोनशे पक्षी निवांत पिसं साफ करत बसलेले. यातल्या जवळजवळ सगळ्या माळभिंगऱ्या असतात, हिवाळ्यापुरत्या आलेल्या पाहुण्या. पण तारेवरून दुर्बीण सावकाश फिरवली तर मध्येच एखादी बुटकी, जरा मळकट, शेपूट तोकडं असलेली भिंगरी नजरेत येते. बहुतेक जण तिला ‘माळभिंगरीचं पिल्लू असेल’ म्हणून सोडून देतात. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण कधी कधी ती रेघाळ गळ्याची भिंगरी असते आणि आपण पुढे निघून गेलेलो असतो.

ही जात मुख्यतः भारतीय उपखंडातली. एडवर्ड ब्लाइथ या पक्षीशास्त्रज्ञाने 1855 साली बुंदेलखंडातल्या पक्ष्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन केलं. ती संकटात सापडलेली वगैरे नाही. कालवे, पूल आणि धरणं वाढली तशी दक्षिणेकडे तिला घरटी बांधायला नव्या जागा मिळाल्या, आणि तिथे ती आता पूर्वीपेक्षा जास्त ठिकाणी दिसते. तरी आपल्या शेतावर ती क्वचितच दिसते, कारण ती वस्ती करून राहते. एका पुलाखाली तिची भरगच्च वसाहत असते आणि पुढच्या कित्येक किलोमीटरमध्ये एकही नसते. त्यामुळे एका गावच्या माणसाला ती रोजची वाटते आणि शेजारच्या तालुक्यातल्या माणसाने ती जन्मात पाहिलेली नसते.

ओळखायची म्हटलं तर अडचण एकच आहे. हे पक्षी उडतात फार आणि बसतात कमी. पुस्तकातलं चित्र स्थिर असतं, समोरचा पक्षी सेकंदभरात बांधापलीकडे गेलेला असतो. म्हणून काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने बघायचं हे आधी ठरलेलं हवं.

सगळ्यात आधी पाकोळीला बाजूला काढा. गावात आपण आकाशात गिरक्या घेणाऱ्या सगळ्यांनाच पाकोळ्या म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण पक्षीशास्त्राच्या हिशोबाने पाकोळी आणि भिंगरी यांचं नातं फार दूरचं आहे. पाकोळी गुंजन पक्ष्यांच्या जवळची, भिंगरी चिमण्या-बुलबुलांच्या मोठ्या गणातली. दोघी हवेत उडते किडे खातात म्हणून दोघींचा बांधा सारखा झाला, इतकंच. फरक पायात आहे. घरांच्या छताखाली राहणाऱ्या छोट्या पाकोळीची चारही बोटं पुढे वळतात. तिला भिंतीला लटकता येतं, तारेवर बसता येत नाही. म्हणजे पक्षी तारेवर बसलेला असेल तर पाकोळीचा प्रश्नच मिटला. हवेत असेल तर पंख बघा. पाकोळीचे पंख लांब, अरुंद, विळ्याच्या वळणाचे आणि ताठ दिसतात. भिंगरीचा पंख मनगटाशी दुमडतो आणि ठोका सैलसर पडतो.

तारेवर बसणारा आणखी एक घोटाळेबाज म्हणजे राखी रंगाचा, जाड मानेचा, निळसर चोचीचा पक्षी. ताडामाडांच्या आसपास हे पक्षी खांद्याला खांदा लावून बसतात आणि हवेत झेपावून किडे पकडतात. ती भिंगरी नव्हे. चोच जाड दिसली की विषय संपला, कारण भिंगरीची चोच इवलीशी असते आणि लांबून जवळजवळ दिसतच नाही.

आता मुख्य काम. निराळी भिंगरी शोधायची तर माळभिंगरी तिच्या प्रत्येक अवस्थेत पाठ हवी. यात बहुतेकांचं चुकतं. ते पुस्तक उघडतात ते थेट दुर्मीळ पक्ष्याच्या पानावर. खरं तर हिवाळाभर रोजच्या माळभिंगऱ्याच बघाव्यात, कंटाळा येईपर्यंत. मग वेगळी आली की डोळा आपोआप अडखळतो.

पूर्ण वाढलेली माळभिंगरी सोपी आहे. कपाळ आणि गळा तांबूस तपकिरी, गळ्याखाली निळसर काळा आडवा पट्टा, पाठ चकचकीत निळी, पोट पांढरं ते बदामी. शेपूट खोल दुभंगलेली, टोकांना लांब पिसं. शेपूट पसरली की त्यात पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसते. हे ठिपके लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. पोटाच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नका, तो पक्ष्यापक्ष्यागणिक बदलतो.

पण हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या सगळ्याच माळभिंगऱ्या अशा नटलेल्या नसतात. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची शेपूट आखूड असते, गळा फिकट असतो, छातीवरचा पट्टा तपकिरी आणि अर्धवट दिसतो. मोठ्या पक्ष्यांचीही पिसं याच काळात गळून नवी येतात, त्यामुळे शेपटीची लांब टोकं मोडलेली किंवा नाहीशी झालेली असतात. जानेवारीत तारेवर ‘बिनशेपटाची’ भिंगरी दिसली तर आधी हीच शंका घ्या. कितीही लहान असली तरी माळभिंगरीच्या पिल्लाची शेपूट दुभंगलेली असते, छातीवर पट्ट्याची खूण असते आणि त्याखालचं पोट स्वच्छ, बिनरेघांचं असतं.

वर्षभर इथेच राहणाऱ्या दोन भिंगऱ्या आहेत, त्या चटकन उरकू. तारवाली भिंगरी खालून शुभ्र पांढरी. गळ्यावर पट्टा नाही, डोक्यावर तांबूस टोपी, आणि शेपटीतून दोन बारीक तारा निघालेल्या. नर असेल तर तारा लांब. ती पाण्याजवळ जोडीने असते, पाटाच्या मोरीखाली वाटीसारखं घरटं करते आणि शेजारी सहसा कोणाला राहू देत नाही. दुसरी लालबुडी भिंगरी. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या वर तांबूस चौकोन, छाती-पोटावर बारीक रेघा, आणि शेपटीखालचा भाग असा काळा की शेपूट शाईत बुडवून काढल्यासारखी वाटते. 2024 मध्ये ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने जगभरातल्या लालबुड्या भिंगऱ्यांची तीन जातींत विभागणी केली. त्यामुळे ॲपमध्ये आपल्याकडच्या भिंगरीच्या नावाआधी ‘ईस्टर्न’ लागलेलं दिसलं तर दचकू नका. पक्षी तोच आहे.

लालबुडीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण रेघा तिलाही आहेत. ‘रेघा दिसल्या, म्हणजे रेघाळ गळ्याची’ असं म्हणून लोक इथे फसतात. लालबुडीच्या रेघा बारीक आणि पोटापर्यंत पसरलेल्या असतात, आणि तिची शेपूट लांब, खोल दुभंगलेली असते. शेपूट बघितली की प्रश्न सुटतो.

आता जिच्यासाठी हा खटाटोप, तिच्याकडे येऊ. लांबी साधारण 11 ते 12 सेंटिमीटर. चिमणी 15 च्या आसपास भरते, म्हणजे ही चिमणीहूनही लहान. तारेवर माळभिंगरीशेजारी बसली की फरक लगेच कळतो. माळभिंगरीची शेपूट तारेच्या बरीच खाली लोंबते, हिची शेपूट पंखांच्या टोकांशीच संपते. शेपटीचं टोक जवळजवळ सरळ कापलेलं असतं, मध्ये किंचित खाच. पांढरे ठिपके नाहीत. डोकं मंद तांबूस, त्यावर गडद बारीक रेषा. पाठ निळी चमकते, पण त्या निळ्यात मधूनमधून पांढरट रेघा असतात, आणि पक्षी पाठमोरा बसला की त्या दिसतात. पंख आणि पाठीचा शेवट तपकिरी. आणि गळा. हनुवटीपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत मळकट पांढऱ्यावर तपकिरी उभ्या रेघा, दाट. त्या छातीवर विरळ होत जातात आणि पोट फिकट, साधं राहतं.

तारेवर समोरून बघितली तर तिचा गळा लांबून नुसता करडा-तपकिरी वाटतो. रेघा सुट्या दिसायला 8 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून वीस-पंचवीस मीटरच्या आत यावं लागतं, किंवा फोटो मोठा करून बघावा लागतो. म्हणून पहिली खूण गळा नव्हे, शेपूट. क्रम असा ठेवा: आकार, शेपटीचं टोक, मग पाठीचा शेवट, आणि सगळ्यात शेवटी गळा. उडत असताना तर पहिल्या दोनच गोष्टी हाती लागतात.

उडण्यातही फरक आहे. माळभिंगरी पिकाच्या शेंड्यांवरून लांबलचक, वेगवान फेऱ्या मारते आणि वळताना शेपूट पसरते. लालबुडी पंख न हलवता जास्त तरंगते. रेघाळ गळ्याची भिंगरी मात्र फडफड करत उडते. झेप दुबळी वाटते, एकाच जागेभोवती घुटमळते. हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण शंभर माळभिंगऱ्या बघितलेल्या डोळ्याला पटकन जाणवतं.

एक गोंधळ मात्र खरोखर होण्यासारखा आहे. नदीच्या वाळूच्या दरडीत बिळं करून राहणारी करड्या गळ्याची छोटी भिंगरी हिच्याच मापाची असते. तिचीही शेपूट आखूड, खाच उथळ, आणि ती पाटाभोवतीच उडते. संध्याकाळच्या उजेडात दोघी सारख्याच दिसतात. फरक रंगाच्या प्रकारात आहे. करड्या गळ्याची सगळी वरून उंदरासारखी तपकिरी, एकजात. कुठेही निळी झाक नाही, डोक्यावर तांबूस नाही, रेघ नाही. पक्षी एकदा जरी उन्हात तिरका वळला आणि पाठ निळी चमकली, तर दरडीतली भिंगरी बाद. किल्ल्यांच्या बुरुजांवर आणि शहरातल्या इमारतींवर दिसणारी काळपट तपकिरी कडा-पाकोळी हा त्यातल्या त्यात सोपा प्रश्न. ती खालूनही काळपट असते आणि शेपूट पसरली की पांढरे ठिपके दिसतात. नावात पाकोळी असली तरी तीही भिंगऱ्यांच्याच कुळातली.

आणि पांढरं बूड दिसलं की लगेच ‘हाउस मार्टिन!’ म्हणून ओरडू नका. हा युरोप-आशियातून येणारा पाहुणा सह्याद्रीत हिवाळ्यात उंचावरून जाताना कधीमधी दिसतो, पण पांढरं बूड आपल्या गावातल्या छोट्या पाकोळीलाही असतं. पोट बघा. मार्टिनचं पोट पांढरं, पाकोळीचं काळं आणि फक्त गळा पांढरा.

उजेड हा या सगळ्यातला न बोलता फसवणारा भाग. ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर प्रत्येक भिंगरी काळी दिसते, तेव्हा रंगावरून काहीही ठरवू नये. सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्या, म्हणजे सकाळी तारांच्या पूर्वेला उभं राहा. खालच्या जमिनीचाही रंग पक्ष्याच्या पोटावर उतरतो. तांबड्या मातीच्या नव्या नांगरटीवरून उडताना पांढरं पोटही बदामी वाटतं, आणि हिरव्या पिकावरून जाताना त्याला हिरवट छटा येते. त्याच पक्ष्याला दोन वेगळ्या शेतांवर बघून दोन जाती ठरवणारे लोक आहेत.

मोबाइलच्या किंवा साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत आणखी एक गंमत होते. आकाश उजळ असलं की पक्षी काळा येतो. तो उजळ केला की गळ्याचा पांढरा भाग जळून जातो आणि नेमक्या रेघा पुसल्या जातात. म्हणून फोटोत गळा कोरा दिसला एवढ्यावरून रेघा नव्हत्या असं म्हणता येत नाही. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागतं, नाहीतर शेपटीचं टोक धुरकट येतं, आणि इथे तर सगळा खटला शेपटीच्या टोकावर चाललेला आहे. माझं मत विचाराल तर उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा तो तारेवर बसेपर्यंत थांबा. बसलेल्याचा एक साधा, अगदी कुरूप फोटोही उडत्याच्या दहा देखण्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो. पाठमोरा एक आणि समोरून एक, एवढे मिळाले तर काम झालं.

कॅलेंडरही मदतीला घ्या. माळभिंगऱ्या साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून यायला लागतात आणि एप्रिल संपेपर्यंत बहुतेक सगळ्या उत्तरेकडे परततात. म्हणजे मे-जूनच्या रणरणत्या उन्हात शेतावर दिसलेली भिंगरी बहुधा माळभिंगरी नसते. त्या वेळी उमेदवार कमी असतात: तारवाली, लालबुडी, कडा-पाकोळी, दरडीतली, आणि जवळपास वसाहत असेल तर रेघाळ गळ्याची. हिवाळ्यात दोनशेंत एक शोधायची असते, उन्हाळ्यात पाचांतून एक निवडायची असते.

शेतात कुठे बघायचं? जिथे किडे उडतात तिथे. ट्रॅक्टरमागे नांगर किंवा रोटाव्हेटर चालू असेल तर भिंगऱ्या त्याच्यामागे लागतातच. हार्वेस्टर सोयाबीन किंवा गहू कापत असेल तरी तेच. पाटाला पाणी सोडलेलं असताना पाण्यावर, आणि पाऊस यायच्या आधी जमिनीलगत. पाकोळ्या खाली उडायला लागल्या की पाऊस येतो, असं जुनी माणसं म्हणतात. त्यामागचं कारण साधं आहे. हवा दमट झाली की उडते किडे खाली राहतात आणि त्यांच्यामागे पक्षीही खाली येतात. तेव्हा पाठ बघायची फार चांगली संधी मिळते, कारण पक्षी तुमच्या नजरेच्या खालून जातो.

पण एक भिंगरी पटली की तारा सोडा आणि पूल शोधा. रेघाळ गळ्याची भिंगरी एकटी राहत नाही, त्यामुळे तुमच्या शेतावर एक दिसली म्हणजे कुठल्यातरी टप्प्यात वसाहत असण्याची शक्यता बरीच आहे. कालव्यावरचे पूल, ओढ्यावरून कालवा नेणारे जलसेतू, धरणाच्या भिंतीचा पाण्याकडचा भाग, नदीवरचे जुने दगडी पूल या जागा तपासा. उजनीच्या पाणलोटाभोवती, भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गाड्या भरून लोक येतात आणि येता-जाता अशा पुलांवरूनच जातात. गाडी थांबवून पुलाखाली डोकावणारे थोडे.

घरटी एकदा पाहिली की विसरत नाहीत. चिखलाच्या बारीक गोळ्या एकावर एक चिकटवून केलेली गोल घरटी, प्रत्येकाला आखूड नळीचं तोंड, आणि एकाची भिंत दुसऱ्याची भिंत होईल इतकी खेटून. काही डझनांपासून काहीशे घरट्यांपर्यंत एकाच तुळईखाली. लालबुडीचं घरटंही नळीच्या तोंडाचं असतं, पण ते सहसा एकटं असतं आणि नळी लांब असते. त्यामुळे नुसत्या रिकाम्या घरट्यांवरूनही जात सांगता येते. विणीची वेळ जागेप्रमाणे बदलते. काही ठिकाणी हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आणि पुन्हा पावसाळ्यात वसाहत गजबजलेली असते. ओल्या चिखलाची सोय जवळ असणं महत्त्वाचं, आणि पाट वाहता असला की ती सोय होतेच. या दिवसांत पक्षी पाण्याच्या कडेला ओल्या मातीवर घोळक्याने उतरतात. दहा मीटरवर शांत बसलात तर दुर्बिणीतून गळ्याच्या रेघा मोजता येतील.

वसाहतीखाली मात्र जास्त वेळ थांबू नका. माणूस खाली उभा राहिला की पक्षी घरट्यात शिरत नाहीत, आणि आतली पिल्लं उपाशी राहतात. पूल रंगवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराशी ओळख असेल तर विणीच्या काळात घरटी खरवडू नका म्हणून सांगून बघावं. कधी कधी ऐकतातही.

पुलाखालच्या या जगण्याची किंमत कधी वाहनांच्या धडकेत मोजावी लागते. हिच्याच वंशातली अमेरिकेतली कडा-भिंगरी नेब्रास्काच्या शेतीभागात अशीच रस्त्यांच्या पुलांखाली राहते. चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉमबर्गर ब्राउन यांनी 1982 पासून तीस वर्षं गाड्यांना धडकून मेलेले पक्षी गोळा केले. पुलाखालची संख्या वाढत गेली, तरी मेलेले पक्षी कमी कमी होत गेले, आणि 2013 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार रस्त्यावर मेलेल्यांचे पंख बाकीच्यांपेक्षा लांब होते. आखूड पंखाला लवकर उडी घेता येते, झटकन वळता येतं. तसं काही आपल्या पुलांखाली चाललंय का, हे कोणी मोजायला बसलं तर मला वाचायला फार आवडेल.

राहिला प्रश्न नोंदीचा. ई-बर्डवर नोंद टाकताना तुमच्या जिल्ह्यात जात नेहमीची नसेल तर ॲप तपशील मागतं. तिथे ‘नक्की तीच होती’ असं लिहून उपयोग नाही. आकार कोणाच्या तुलनेत किती होता, शेपटीचं टोक कसं होतं, गळा कुठून कुठपर्यंत रेघाळ होता, पाठ कशी होती, उजेड कोणत्या बाजूने होता, हे लिहा. आणि हे सगळं पक्षी दिसताक्षणी टिपून ठेवा, पुस्तक उघडण्याआधी. पुस्तक बघितल्यावर आठवण त्या चित्राकडे झुकते आणि न दिसलेल्या रेघाही दिसल्यासारख्या वाटतात. मर्लिनसारखं ॲप फोटोवरून नावं सुचवतं, आणि त्यासाठी ठिकाण आणि तारीखही विचारतं, पण मुख्य भिस्त फोटोवरच. फोटोत गळा जळालेला असेल तर तेही फसणार.

आणि सगळं करूनही पक्षी सेकंदभर दिसून उसाच्या फडापलीकडे गेला, शेपूट आखूड वाटली पण खात्री नाही, गळा तर दिसलाच नाही, तर यादीत ‘भिंगरी, जात अनिश्चित’ लिहा. ई-बर्डमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय दिलेला आहे.